गोपिकेचा होकार

त्या काळी नागपुरात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर माणूस दिसला, तर लोक खिडकीतून बघत, की हा कोण बापडा निघाला. गांधीबागेच्या कापडबाजारात सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. जेवणवेळ झाली की दुकानांच्या फळ्या लागत, आणि मग त्याच गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज मागून कोणी येत असल्यासारखा ऐकू यायचा. भुतं रात्री हिंडतात असं बाहेरगावचे लोक म्हणतात. नागपूरच्या जुन्या बायांना विचारलं, तर त्या दुपारचं नाव घेतील.

अशाच एका मंगळवारी भर दुपारी पुष्पलता कोलते गांधीबागेतल्या एका घराचा जिना चढत होती. तिच्या मागे एफुआ मेन्सा नावाची घाना देशातली बाई होती. एफुआ उंच, धिप्पाड, आणि उन्हाला अजिबात न भिणारी. आदल्या दिवशी तिने सावजीचं मटण डोळ्यांतून टिपूस न काढता खाल्लं होतं. तिला रडताना पाहायला जमलेली प्राध्यापक मंडळी जरा हिरमुसलीच होती.

दोघी मानसशास्त्रज्ञ. पुष्पलताच्या सीताबर्डीला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत वाळ्याचा पडदा आणि बाक, आतल्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या आणि एक जाडजूड दार. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणत. मी औषध देत नाही, फक्त ऐकते, असं सांगून सांगून तिने एकोणऐंशी सालापर्यंत नाद सोडला होता.

एफुआ आली होती ती एका वाक्यापायी. निरनिराळ्या देशांतले काही मानसशास्त्रज्ञ मिळून आपल्या कामाचे सामाईक नियम ठरवत होते. लंडनला, अक्राला, टोकियोला आणि नागपूरला सारखेच लागू पडतील असे. खोलीत सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण त्यात पुष्पलताने एक शब्द घातला होता, ‘मेल्यावरही’, आणि तिथे गाडं अडलं होतं. लंडनचे गृहस्थ म्हणत, मेलेल्याला कसली अब्रू? टोकियोचे म्हणत, मेल्यावर ते गुपित घराण्याचं. दिल्लीच्या बैठकीला जाता जाता एफुआ पुष्पलताकडे प्रतापनगरला उतरली होती, ती या शब्दाचं काय करायचं ते ठरवायला.

“आमच्याकडे मेलेले लोक बारशालाही येतात,” ती म्हणाली होती. “पहिला घोट त्यांच्या नावाने जमिनीवर सांडायचा, मग आपण प्यायचं. त्यांचं गुपित त्यांना न विचारता वाटायचं कसं? पण विचारायचं कसं, तेही मला लिहिता येत नाही.” आणि ती मोठ्याने हसली होती.

पुष्पलताने तो शब्द का घातला, ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तो शब्द गोपिकेचा होता.

पाच-सहा वर्षांपूर्वी गोपिका शिवणक्लासला जाते असं घरी सांगून सीताबर्डीच्या त्या आतल्या खोलीत यायची. गांधीबागेतल्या कापडवाल्या वसंताची बायको. बारीक अंगाची, खुर्चीच्या नुसत्या कडेवर टेकणारी. बोलायला लागण्याआधी दर खेपेला विचारायची, “दार लावलं ना बाई?” दार समोर लावलेलं दिसत असायचं, तरी विचारायची. “लावलं,” असं पुष्पलता म्हणाली, की मग तिचा कंठ फुटायचा.

तिला मूल नव्हतं. सासू प्रयागबाई तिला हळदीकुंकवात मागच्या रांगेला बसवायची. गोपिका गुपचूप नवऱ्याला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आली होती. तपासणीचा निकाल आणायला मात्र एकटीच गेली. दोष तिच्यात नव्हता, वसंतात होता. ते तिने नवऱ्याला सांगितलं नाही. तपासणीत काही कळत नाही म्हणते डॉक्टर, असं सांगून मोकळी झाली. “आपल्याले सवय झाली बाई बोलणे खायची,” ती म्हणाली होती. “त्याले नाही सोसणार. तुमीबी कोणाले सांगू नका. मी मेली तरी नका सांगू.” पुष्पलताने शब्द दिला. वर्षभरात काविळीने गोपिका गेली, आणि तो शब्द पुष्पलतापाशी राहिला.

पुढे तीन वर्षांनी प्रयागबाई आपल्या दुसऱ्या सुनेला घेऊन सीताबर्डीला आली. देवकी तिचं नाव, काटोलकडची, एकवीस-बावीसची. गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा लहानसा टाक, त्यावर एक बाई कोरलेली. दुसरेपणावर आलेल्या बायकोने आधीच्या मेलेल्या बायकोचा असा टाक गळ्यात घालायचा, ही त्या घराची रीत. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, ताटातला पहिला घास तिचा काढायचा, मग आपण जेवायचं.

“ही आमची ताई,” देवकी टाकाला बोट लावून म्हणाली होती. “गोपिकाताई.”

पुष्पलतापुढे पेच पडला. या पोरीला दुसऱ्या कोणाकडे पाठवावं, तर नागपुरात दुसरं कोणी नव्हतं, आणि का पाठवते ते सांगायची सोय नव्हती. तिने देवकीला ठेवून घेतलं. देवकीचं दुःख तेच होतं. तेच हळदीकुंकू, तीच मागची रांग. समोर बसून पुष्पलता ऐकायची आणि एक अक्षर बोलू शकत नव्हती.

मग होळीपासून दर मंगळवारी दुपारी देवकीच्या अंगात यायला लागलं. गोपिका येते, असं घर म्हणू लागलं. प्रयागबाईने ठरवलं होतं, येत्या अमावास्येला तिला एका बाबाकडे न्यायचं. त्या बाबाची ख्याती पुष्पलताला ठाऊक होती. तो मिरच्यांची धुरी देऊन धरलेलं सोडवायचा. गेल्या साली त्याच्याकडून आलेली एक बाई तिने पाहिली होती. तिला डाव्या डोळ्याने पुन्हा दिसलं नाही.

“ढोंग करत असन तर काटोलले परत धाडते,” प्रयागबाईने निरोप पाठवला होता. “खरंच धरलं असन तर बाबाकडे नेते. तुमी एकदा डोळ्यानं पाहून सांगा काय हाय ते.” म्हणून ही भर दुपार, आणि हा जिना. एफुआला आणू का, हे पुष्पलताने देवकीला आधी विचारलं होतं. “आणा ना,” देवकी म्हणाली होती. “मले त्या वेळेस समजतच नाही कोण हाय, कोण नाही.”

माडीवरच्या लांब खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांचा खळीचा वास भरला होता. प्रयागबाई पाटावर, वसंत भिंतीला टेकून उभा. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. देवकी मधोमध सतरंजीवर बसली होती. जिन्याकडचं दार सताड उघडं, आणि त्यातून गरम वारा आत येत होता.

“या बाई,” प्रयागबाई म्हणाली. तिने एफुआकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हे कोण?”

“माझी मैत्रीण. हेच काम करते, तिकडे त्यांच्या देशात.”

“तिकडंबी लागते का लोकायले असं?”

“लागतं.”

“मंग बरं हाय,” प्रयागबाई जरा मोकळी झाली. “मले वाटलं आमच्याच घरचं हाय.”

बराच वेळ काही झालं नाही. गल्लीतून कावळ्याचाही आवाज नव्हता. मग देवकी हळूच सरकली. घुमणं नाही, किंचाळणं नाही, केस सोडणं नाही. ऐसपैस मांडी घालून बसलेली ती पोर सतरंजीच्या अगदी कडेला सरकली, अंग चोरून टेकली आणि पदराचं टोक मुठीत घेतलं. मान वर करून तिने पुष्पलताकडे पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं,

“दार लावलं ना बाई?”

“लावलं,” पुष्पलता म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. दार सताड उघडं होतं. वसंताने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तो भिंतीपासून सरळ झाला.

“सांगा यायले,” देवकीच्या तोंडून तो बारीक आवाज बोलला. “हिच्यात दोष नाही. माझ्यातबी नव्हता. मी तुमाले सांगतलं होतं ना बाई? तुमच्या खोलीत बसून.”

प्रयागबाई पुढे सरकली. “काय म्हणून राहिली हे? गोपिका आलती का तुमच्याकडे?”

पुष्पलताचं शिक्षण तिला सांगत होतं, ही देवकी आहे. जे आपल्या तोंडाने बोलायची सोय नाही, ते दुसऱ्या नावाने बोलते आहे. पण तो निकाल, ती खोली, ते दाराचं विचारणं देवकीपर्यंत आलं कुठून?

“बोला ना बाई,” आवाज म्हणाला. त्यात विनवणी होती. “तवा मी नका सांगू म्हणलं होतं. आता सांगा म्हणते. माझ्याकडून हो हाय. या पोरीले धुरी देतीन ते.”

एका शब्दाचं काम होतं. ‘हो, आली होती’ म्हटलं, की देवकीच्या कपाळावरचा ठपका पुसला जाईल. पण कोणाच्या होकारावर म्हणायचं? ही गोपिका असेल, तर पुष्पलता मोकळी होती. ही देवकी असेल, तर गोपिका अजून ‘नका सांगू’ म्हणूनच गेलेली होती. हा होकार घ्यायचा, तर गोपिका आली आहे हे मानायला हवं. आणि डॉक्टरीणबाईनेच ते मानलं, तर अमावास्येला बाबाकडे न्यायची बैलगाडी आजच जुंपली जाईल. खरंखोटं करायला एखादी खूण विचारावी, तर खूण विचारणं म्हणजेच गोपिका आली होती असं कबूल करणं.

“मी विचारते ते सांगाना बाई,” प्रयागबाई म्हणाली. “आलती का नाही?”

“आई, माझ्या खोलीत कोण येतं आणि काय बोलतं, ते मी सांगत नाही. जिवंताचं नाही, मेलेल्याचं नाही. उद्या तुम्ही आलात, तर तुमचंही सांगणार नाही.”

“मंग तुमाले बोलावून फायदा काय झाला? घरची बाई गेली आमची, अन् तिचं आमाले सांगाचं नाही?”

“मूल होत नसेल तर दोघांचीही तपासणी करावी, हे मी कुठल्याही घरात सांगते. इथेही सांगते.”

“माणसाची कायची तपासणी?” प्रयागबाई म्हणाली आणि तोंड फिरवलं.

सतरंजीच्या कडेवर बसलेली बाई पुष्पलताकडे टक लावून पाहत होती. ती रागावली होती की समाधान पावली होती, ते काही केल्या कळेना. मग तिचे खांदे सैल पडले, डोळे मिटले, आणि देवकी जांभई देऊन काटोलच्या मोकळ्या आवाजात म्हणाली, “आई, पाणी द्या ना.”

प्रयागबाईने पाणी दिलं. मग पुष्पलताला जिन्याशी गाठून ती म्हणाली, “तुमी नाही म्हणलं नाही. म्हणजे खरंच हाय. अमावास्येले नेते मी.”

खाली गल्लीत आल्यावर एफुआने पदरासारखं डोक्यावर घेतलेलं फडकं नीट केलं. “मला शब्द कळले नाहीत,” ती म्हणाली. “पण सगळ्यांनी तुला काही ना काही विचारलं आणि तू सावरून सावरून बोललीस. फक्त तिला तू झटकन उत्तर दिलंस. पहिल्याच प्रश्नाला.”

“एफुआ, ती बाई...”

एफुआने हात वर केला. “नको. तुझ्या वाक्यात ‘मेल्यावरही’ आहे. ‘मैत्रिणीखेरीज’ असं मी त्यात कुठे वाचलं नाही.”

दोघी काही पावलं चालल्या. मागून चपलांचे आवाज येत होते, दोघींचेच.

“माझ्या आजीच्या अंगात नदी यायची,” एफुआ म्हणाली. “त्या नदीला गावातली सगळी लफडी ठाऊक असत. कारण आजी दिवसभर विहिरीवर बसायची. नदीचा मला राग नाही. पण कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं, पुष्पलता. शोध, म्हणजे तुला झोप येईल.”

पुष्पलताच्या मनातही तेच होतं. वसंताला ठाऊक असणार. गोपिका शेवटी त्याच्यापाशी बोलली असेल, तो बेसावधपणे देवकीपाशी बोलला असेल. मग सगळं सरळ होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वसंत आला. बाहेरच्या बाकावर कोणीच नव्हतं. वाळ्याच्या पडद्यातून पाणी ठिबकत होतं. तो आत आला, दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसला.

“काल दार उघडं होतं बाई,” तो म्हणाला. “तुमी लावलं म्हणाल्या.”

पुष्पलता समोरच्या खुर्चीत बसली.

“गोपिका घरीबी तसंच विचारे. काही मनातलं बोलाचं असलं की, दार लावलं का म्हणे. ते देवकीले ठाऊक असाचं काही कारण नाही. पण तुमाले ठाऊक होतं.”

“वसंतराव, मी इथे कोण येतं ते...”

“नका सांगू. मी विचाराले नाही आलो.” त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “मी सांगाले आलो. अन् ते इथंच राहू द्या.”

मग त्याने सांगितलं. काविळीत शेवटच्या दिवसांत गोपिका त्याला डॉक्टरांचा निकाल सांगून गेली होती. दोष त्याच्यात आहे, दुसरं लग्न करून दुसऱ्या पोरीचं वाटोळं करू नका, असं म्हणाली होती. पण आईने घाई केली, आणि त्याची जीभ रेटली नाही.

“मले वाटलं, तिच्यासंगं गेलं ते,” तो म्हणाला. “जळलं घाटावर.”

“तुम्ही हे कोणापाशी बोललात? देवकीपाशी? झोपेत, तापात, दोस्तांत?”

“झोपेत कायचं? लगन झाल्यापासून मी गच्चीवर निजतो, ते खाली. तिच्याकडं पाहाची हिंमत होत नाही. दोस्तापाशी हे कोणता माणूस बोलीन बाई?” त्याने मान वर केली. “मले वाटलं होतं, तुमी देवकीले सांगतलं. आता तुमीच सांगा, सांगतलं का?”

“मी कोणाचं कोणाला सांगत नाही.”

वसंताने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. तिथे त्याला खोटं सापडलं नाही. पुष्पलतालाही त्याच्या तोंडावर ते सापडलं नाही. गोपिकेने दोघांनाच सांगितलं होतं. तो बोलला नव्हता, आणि ही बोलली नव्हती. दोघांनी आपापली कडी इतकी घट्ट लावून ठेवली होती, की आत यायला वाट उरली होती ती एकीलाच. बाहेर पडद्याचं ठिबकणं थांबलं होतं. दोघांनीही रिकाम्या कोपऱ्याकडे पाहण्याचं टाळलं.

“म्हणजे तेच आली,” वसंत हळू आवाजात म्हणाला.

पुष्पलताला नाही म्हणता आलं असतं. अबोध मन किती आणि कसं टिपून घेतं, हे तिला तासभर समजावता आलं असतं. “मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “पण देवकी जिवंत आहे, एवढं ठाऊक आहे. अमावास्या शनिवारी आहे.”

“तुमी या ना घरी. तुमी सांगतलं तर आई ऐकन.”

“ते माझं नाही. माझ्यापाशी ठेवलेलं आहे. ज्याचं आहे, त्यालाच ते खर्च करता येतं. तुम्ही बोलणार असाल, तर मी शेजारी बसेन.”

त्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. “नको,” तो शेवटी म्हणाला. “बाहेरचं कोणी असलं की मी अर्धंच सांगीन.”

शुक्रवारी त्याने सांगितलं. आईला आणि बायकोला एकत्र बसवून, दिवसाउजेडी. प्रयागबाई त्यानंतर तीन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि शनिवारी गाडी जुंपली गेली नाही. गोपिकेच्या नावाचं पान मात्र त्या दिवशी प्रयागबाईने स्वतः वाढलं. पुढचा मंगळवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. एफुआ तोवर दिल्लीला जाऊन आपल्या देशी परतली होती. तो शब्द वाक्यात राहिला, पण लंडनच्या गृहस्थांनी त्यावर आपली नापसंती नोंदवलीच.

मृगाच्या सुमाराला देवकी एकटीच सीताबर्डीला आली. चांगली दिसत होती. काटोलला भावाचा मुलगा पाहायला जाऊन आली होती, त्याचंच सांगत बसली. निघताना ती उंबऱ्याशी थांबली.

“बाई, एक विचारू? त्या दिवशी मी काय बोलली? घरात कोणीच सांगत नाही. हे म्हणतात, ते तूच बोलली, तुलेच ठाऊक असन. मले तर पाणी मागतलं तेवढंच आठवते.”

नियमाने पाहिलं, तर जे ज्याच्या तोंडून निघालं ते त्याचंच. मागितलं तर त्याला द्यायलाच हवं. पुष्पलताने हा नियम स्वतःच्या हाताने लिहिला होता. ती उत्तर द्यायला वळली आणि थांबली.

“तुला काय वाटतं?” तिने विचारलं. “कोणाचं होतं ते बोलणं?”

देवकीने नीट विचार केला, बाजारात लुगड्याचा पोत पाहावा तसा. “तोंड माझं होतं,” ती म्हणाली. “बोलणं ताईचं असन.”

“मग तिला विचारल्याशिवाय मी कसं सांगू?”

देवकीला ते पटलं. तिने मान हलवली, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेली.

पुष्पलता आत येऊन आपल्या खुर्चीत बसली. पोरीची समजूत काढायला माणूस असं काहीतरी बोलतो. पण तिच्या ध्यानात आलं, की तिने ते समजूत काढायला म्हटलं नव्हतं. समोरची खुर्ची रिकामी होती. ती बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली, कोणी होय-नाही म्हणतं का, ते ऐकत.